गाण्यातून पाठांतर : शिक्षक आणि पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

नाशिक जिल्ह्यातल्या शिक्षकांना, शिकवणी घेणाऱ्यांना आणि पालकांना नेहमी पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुद्दाम इथलीच घेतली आहेत, म्हणजे ती उद्या वर्गात जशीच्या तशी वापरता येतील.

चालीवर म्हटलं की खरंच जास्त लक्षात राहतं का?

राहतं, पण अटी आहेत. वांडा वॉलेस या संशोधिकेने 1994 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. एकाच चालीतली तीन कडवी ऐकवली, तेव्हा लोकांना ती नुसत्या बोललेल्या शब्दांपेक्षा चांगली आठवली. एकच कडवं ऐकवलं, तेव्हा मात्र गाण्याचा फायदा दिसला नाही, उलट बोललेलंच बरं ठरलं. नवी चाल कानात बसायलाही कष्ट पडतात, आणि ते कष्ट शब्दांच्या वाट्याचे असतात. पुढे 2000 साली किलगोर आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. गायलेला मजकूर मुळात सावकाश म्हटला जातो. बोललेला मजकूरही तितक्याच सावकाश ऐकवला की गाण्याची आघाडी उरत नाही.

यातून वर्गासाठी तीन नियम निघतात: चाल मुलांच्या ओळखीची हवी, प्रत्येक कडव्याला तीच हवी, आणि गाणं सावकाश हवं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये वाजतात तसली धावती गाणी पाठांतराला फारशी कामाची नाहीत.

कुठली माहिती गाण्यात घालावी आणि कुठली नको?

जिला ठरलेला क्रम आहे किंवा जिचे शब्द जसेच्या तसे लागतात, ती घालावी. तालुके, नद्या, मूलद्रव्यं, ग्रह, मूलभूत कर्तव्यं, पाढे, व्याकरणातले प्रत्यय ही गाण्यात चांगली बसतात.

जिथे 'का' आणि 'कसं' विचारलं जातं, तिथे गाणं आणू नये. प्रकाशसंश्लेषणाच्या पायऱ्यांची नावं गाण्यात येतील, पण झाड अंधारात ऑक्सिजन का सोडत नाही याचं उत्तर गाण्यातून मिळणार नाही. धडा आधी शिकवा, गाणं नंतर. उलट केलं तर मुलं न समजलेले शब्द फार आत्मविश्वासाने म्हणायला लागतात, आणि त्यांना समजलंय असं आपल्यालाही वाटायला लागतं.

चाल कुठली घ्यावी?

सर्वात सोपा केरवा ताल, आठ मात्रांचा, म्हणजे आठ ठोक्यांचा. बहुतेक भजनं आणि बरीच बालगीतं याच वजनात असतात, त्यामुळे मुलांच्या अंगात तो आधीच असतो. दादरा सहा मात्रांचा. तो पाळण्यासारख्या झुलत्या ओळींना बरा, पण मराठी नावांची लांबी त्यात जरा अडचणीने बसते. रूपकच्या सात मात्रांच्या वाटेला जाऊ नका, अर्धा वर्ग टाळी चुकवेल.

आरतीची, भोंडल्याची, जात्यावरच्या ओवीची चाल चालते. मोठ्या मुलांना भुजंगप्रयात द्या. ओळीत बारा अक्षरं, लगागा (लघु-गुरु-गुरु) चार वेळा. हे वृत्त मुलांनी श्लोकांमधून ऐकलेलं असतं आणि त्यात एक अक्षर जरी सुटलं तरी कानाला लगेच कळतं.

दोन धड्यांना एकच चाल मात्र कधीही देऊ नका. नद्या आणि तालुके एकाच चालीवर बसवले, तर दुसऱ्या कडव्यात मोसम नदीच्या जागी मालेगाव येणारच. एका वर्षात एका वर्गाला पाच-सहा गाणी पुरे.

नाशिक ढोलाचा आग्रहही बऱ्याच ठिकाणी होतो. मिरवणुकीला तो हवाच, पण बंद वर्गात त्याखाली शब्द ऐकू येत नाहीत आणि त्याची लय चढत जाते. बाकावर दोन बोटांनी दिलेला ठेका पुरतो.

गाणं बसवायचं कसं? एखादं पूर्ण उदाहरण द्या.

नाशिक जिल्ह्याचे 15 तालुके घेऊ.

आधी क्रम ठरवा. पुस्तकातल्या यादीचा क्रम घ्यायची गरज नाही, नकाशाचा घ्या. इगतपुरीपासून निघून काठाकाठाने फिरलं की अकरा तालुके होतात आणि प्रत्येक पुढचा तालुका मागच्याला लागून असतो. उरलेले चार मधले. म्हणजे गाणं म्हणता म्हणता बोट नकाशावर फिरवता येतं.

मग नावं तोंडाने म्हणून बघा आणि टाळी कुठे पडते ते मोजा. लिहिलेली अक्षरं मोजू नका. 'कळवण' लिहिताना चार अक्षरं, म्हणताना 'कळ-वण' असे दोनच ठोके. 'इगतपुरी'चे चार: इ-गत-पु-री. 'बागलाण' दोन, 'सुरगाणा' तीन आणि एक मात्रा ओढायची. या मोजणीतच बहुतेक गाणी फसतात. कागदावर छान दिसतात आणि म्हणायला घेतली की जीभ अडखळते.

मग आठ-आठ मात्रांच्या ओळी:

इगतपुरी, त्र्यंबक, पेठ,
सुरगाणा गाठा थेट.
कळवण, बागलाण, मालेगाव,
पुढे येतं नांदगाव.
येवला, निफाड, सिन्नर आलं,
काठावरचं रिंगण झालं.
मध्ये नाशिक, दिंडोरी,
चांदवड, देवळा, पंधरांची वारी.

पहिल्या ओळीचे ठोके असे: इ-गत-पु-री, त्र्यं-बक-पे-ठ. शेवटच्या ओळीचे: चांद-वड-देव-ळा, पंध-रांची-वा-री. एकूण 64 मात्रा. मिनिटाला 96 मात्रांच्या लयीत हे 40 सेकंदांत संपतं. याहून जलद नको. मोबाईलवर मेट्रोनोमचं, म्हणजे एकसारखा ठेका देणारं, कुठलंही मोफत अ‍ॅप चालेल.

एका ओळीत तीनपेक्षा जास्त नावं नाहीत, हे मुद्दाम केलंय. 'पंधरांची' हा आकडाही उगाच नाही, गाणं संपल्यावर मुलं बोटांवर मोजून पडताळू शकतात.

या गाण्याचे दोन दोषही सांगायला हवेत. तालात बसावं म्हणून 'त्र्यंबकेश्वर'चं 'त्र्यंबक' केलंय. उत्तरपत्रिकेत पूर्ण नाव लिहायचं, हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवा, कारण गाण्यातलं छोटं रूप थेट पेपरात उतरतं. दुसरं म्हणजे भरतीचे शब्द. 'गाठा' हे कुठल्यातरी गावाचं नाव आहे असं लहान मुलांना वाटू शकतं. म्हणून पहिल्यांदा शिकवताना नावांवर टाळी आणि भरतीच्या शब्दांवर हात खाली, असं करून घ्या.

बागलाणचं मुख्य ठिकाण सटाणा, हा स्वतंत्र प्रश्न असतो. तो गाण्यात कोंबू नका.

वर्गात पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं?

पंधरा मिनिटं लागतात. नकाशा भिंतीवर. शिक्षकांनी एकदा पूर्ण म्हणायचं, मुलांनी फक्त ऐकायचं. मग दोन-दोन ओळी: तुम्ही एकदा, मुलांनी दोनदा. चारही जोड्या झाल्या की पूर्ण गाणं तीनदा. शेवटच्या वेळी फळा पुसलेला असावा.

त्या दिवशी तेवढंच. मुलं आणखी म्हणू या म्हणतात, तेव्हा थांबवलेलं बरं.

पुढे किती वेळा उजळणी?

दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या, आठव्या आणि साधारण सोळाव्या दिवशी. नंतर महिन्यातून एकदा. अंतर ठेवून केलेली उजळणी एकाच दिवशी केलेल्या घोकंपट्टीपेक्षा टिकते, हे हेर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच नोंदवलं आणि त्यानंतर ते पुन्हा पुन्हा पडताळलं गेलं आहे. प्रत्येक उजळणीत तुम्ही आधी सुरू करायचं नाही. मुलांनी आठवून सुरुवात करायची, अडली तरच पहिला शब्द द्यायचा. रोज रेकॉर्डिंग लावून त्यासोबत म्हणायला लावलं तर मुलं गाण्यामागून जायला शिकतात. आवाज बंद केला की गाडी थांबते.

गाणं चोख येतं, पण 'नांदगावनंतर कोण?' विचारलं की मूल पहिल्यापासून सुरू करतं. काय करावं?

हाच सगळ्यांत मोठा प्रश्न आहे आणि गाणं पाठ झालं की काम झालं असं मानणारे इथेच फसतात. चालीवर पाठ केलेली गोष्ट एका दिशेने जाते. आत शिरायची दारं फक्त कडव्याच्या सुरुवातीला असतात. इंग्रजी वर्णमालेतलं एल कितवं, हे मोठ्या माणसालाही मनात गुणगुणल्याशिवाय पटकन सांगता येत नाही, ते याच कारणाने.

उपाय म्हणजे मुद्दाम जास्त दारं पाडायची. गाणं पाठ झाल्यावर, म्हणजे साधारण आठव्या दिवसापासून, पुढच्या क्रमाने जा.

आधी जोड्या. त्र्यंबकेश्वरच्या वेदपाठशाळांमध्ये जो क्रमपाठ चालतो त्याचं तत्त्व तेच: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा. 'पेठ-सुरगाणा, सुरगाणा-कळवण, कळवण-बागलाण.' चाल नाही, फक्त ठेका. अर्धा वर्ग पहिलं नाव घेतो, अर्धा दुसरं. हे जमलं की जटापाठासारखं उलटसुलट: 'पेठ-सुरगाणा, सुरगाणा-पेठ, पेठ-सुरगाणा.' उलट जाताना मुलं हसतात आणि अडतात. तिथेच शिकणं होत असतं.

मग मधून सुरुवात. तुम्ही 'कळवण' म्हणायचं, मुलांनी तिथून शेवटपर्यंत. रोज वेगळ्या नावापासून.

शेवटी गाणं पूर्ण बाजूला. एका पिशवीत पंधरा चिठ्ठ्या. मुलाने चिठ्ठी काढायची, तीन सेकंदांत नकाशावर बोट ठेवायचं आणि शेजारचे दोन तालुके सांगायचे. याच वेळी प्रत्येक नावाला एक-एक गोष्ट जोडता येते: नांदूरमध्यमेश्वर निफाडात, सप्तशृंगगड कळवणमध्ये आणि त्याच्या पायथ्याचं वणी मात्र दिंडोरीत, साल्हेर बागलाणात, गोंदेश्वर सिन्नरला, गिरणा धरण नांदगाव तालुक्यात. हे गायचं नाही, विचारायचं.

तीन सेकंदांत ओठ हलताना दिसले तर मूल अजून गाण्यावरच आहे. त्याला रागावू नका, जोड्यांवर परत न्या.

एक ओळ चुकीची पाठ झाली. आता सुधारत नाही.

सुधारणं अवघडच जातं, कारण चुकीचा शब्दही तालात तितकाच छान बसलेला असतो. नुसतं 'असं नाही, तसं' सांगून उपयोग होत नाही. ती ओळच बदला. यमक वेगळं घ्या किंवा त्या जागी दोन टाळ्यांची विश्रांती टाका, म्हणजे जीभ जुन्या वाटेने घसरणार नाही. आणि पुढच्या वेळी गाणं वर्गात नेण्याआधी दोन जणांकडून तपासून घ्या. एकाने माहिती बघायची, दुसऱ्याने ठोके.

मूलद्रव्यांचं गाणं कसं तोडावं?

पहिली वीस मूलद्रव्यं पाच-पाचच्या चार ओळींत बसवलेली गाणी बरीच दिसतात. तसं करू नका. आवर्तसारणीच्या आवर्तनांप्रमाणे तोडा: दोन, आठ, आठ, दोन.

पहिली ओळ हायड्रोजन, हेलियम. मग लिथियमपासून निऑनपर्यंत चार-चारच्या दोन ओळी, सोडियमपासून आर्गॉनपर्यंत पुन्हा दोन, आणि शेवटी पोटॅशियम, कॅल्शियम. अशा सहा ओळी केल्या की प्रत्येक पूर्ण आवर्तनाचा शेवट निष्क्रिय वायूवर येतो आणि त्यानंतरची ओळ अल्कली धातूने सुरू होते. हेलियम, निऑन, आर्गॉन या तिघांवर मोठी टाळी द्या. नववीतल्या मुलांना इलेक्ट्रॉनच्या कवचांची मांडणी शिकवताना 2, 8, 8 तुम्हाला वेगळं पाठ करून घ्यावं लागत नाही.

नावांसोबत अणुअंक गायला लावू नका. लांबी दुप्पट होते आणि ओळ तुटते. बोटं मोजत म्हटलं की अंक आपोआप कळतो.

इतिहासाच्या सनावळ्या गाण्यात टिकतात का?

कमी टिकतात, आणि त्याचं कारण मराठी अंकांच्या नावांतच आहे. एकोणीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंत प्रत्येक संख्या 'ईस'ने संपते. वीस, तीस, पस्तीस, चाळीस, बेचाळीस, सगळी एकमेकांच्या जागी यमकात चपखल बसतात. स्वातंत्र्यलढ्यातल्या बहुतेक घटना नेमक्या याच पट्ट्यात आहेत. त्यामुळे सन यमकावर टाकला तरी यमक त्याची राखण करत नाही.

उदाहरण घ्या. काळाराम मंदिर सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला.

सन तीस, मार्च दोन,
मंदिराचं दार उघडेल कोण?

इथे 'दोन' पक्कं राहील, कारण 'कोण'ला दुसरी तारीख जुळत नाही. पण 'तीस'चं 'वीस' कधी होईल सांगता येत नाही, दोन्हींचं वजन सारखंच आहे. म्हणून सन आकडे सुटे करून म्हणा: 'एक-नऊ-तीन-शून्य'. आणि त्याला शेजारी द्या. याच महिन्यात, 12 मार्चला, दांडी यात्रा निघाली. डॉ. आंबेडकरांची येवल्याची धर्मांतराची घोषणा त्यानंतर, 13 ऑक्टोबर 1935 ला. आधी काय, नंतर काय हे कळलं की वीस-तीसचा घोळ मुलं स्वतः पकडतात. सनावळीसाठी भिंतीवर ताणलेली दोरी आणि त्यावर टांगलेल्या चिठ्ठ्या गाण्यापेक्षा सरस आहेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पाढ्यांना वेगळी चाल लावावी का?

नको. 'सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस' हा ठेका पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत झालेला आहे. वर आणखी पार्श्वसंगीत लावलेले व्हिडिओ मिळतात, त्यांनी काही भर पडत नाही. पाढ्यातही अडचण तीच, 'सात आठी?' विचारलं की मूल 'सात एके'पासून निघतं. म्हणून वर सांगितलेल्या चिठ्ठ्याच इथेही.

मुलगा कानात गाणी लावून अभ्यास करतो. तेही चालेल का?

ती वेगळी गोष्ट आहे. शब्द असलेलं गाणं ऐकत पाठांतर केलं तर ते शब्द पाठ करायच्या शब्दांत लुडबुड करतात. गाणं आवडतं असलं तरी. गणितं सोडवताना किंवा चित्र काढताना फारसं बिघडत नाही. पाठ करताना आणि वाचताना शांतता बरी.

मोझार्ट ऐकवून बुद्धी वाढते हा समजही सोडून द्या. मूळ प्रयोग 1993 चा, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरचा, आणि त्यात दिसलेला परिणाम आकृत्यांच्या एका प्रकारच्या कोड्यांपुरता, तोही दहा-पंधरा मिनिटं टिकणारा होता.

मला गाता येत नाही. मी काय करू?

ठेका धरता येतो ना? मग झालं. सूर हलला तरी मुलांचं अडत नाही, ठोका हलला की अडतं. वर्गात एखादी मुलगी किंवा मुलगा सुरात असतोच, सुरुवात त्याला करू द्या. पट्टी मात्र मुलांची ठेवा. मोठ्या माणसांनी आपल्या सोयीने खाली धरलेल्या पट्टीत लहान मुलं पुटपुटतात.

पेठ, सुरगाण्याकडे घरची बोली वेगळी आहे. कळवण-बागलाणात अहिराणी. गाणं प्रमाण भाषेतच हवं का?

नावं आणि संज्ञा प्रमाण भाषेत, कारण पेपरात त्याच लिहायच्या आहेत. भरतीचे शब्द खुशाल घरच्या बोलीत. 'पुढे येतं'च्या जागी मुलं घरी जे म्हणतात ते घाला, फक्त ठोके तेवढेच राहू द्या. चालही तिथलीच घ्या. डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात पावरी या वाद्यावर ऐकलेली चाल त्या मुलांना नाशिक शहरातल्या कुठल्याही बालगीतापेक्षा जवळची असते. देवाच्या गाण्याची चाल अभ्यासाला वापरलेली चालेल का, हे गावातल्या जाणत्यांना आधी विचारून घ्या. काही चाली ठरावीक वेळीच म्हणायच्या असतात.

अ‍ॅपकडून तयार करून घेतलेलं गाणं चालेल का?

ऐकायला झकास असतं. पण दोन गोष्टी तपासा. एक, माहिती: अशी गाणी एखादा तालुका बेमालूम गाळतात किंवा शेजारच्या जिल्ह्यातलं गाव घुसवतात. दोन, मराठी उच्चार: 'कळवण'चे चार सुटे ठोके पाडलेले असतील तर मुलं तसंच म्हणायला शिकतील. त्यापेक्षा पाचवीच्या पुढच्या मुलांना चौघा-चौघांचे गट करून स्वतः ओळी जुळवायला लावा. दोन तासिका जातात, पण शब्द बसवण्याच्या खटपटीतच अर्धं पाठ होऊन जातं.

परीक्षेत गुणगुणलं तर?

पर्यवेक्षक हटकतील. शेवटच्या दोन उजळण्या ओठ मिटून, फक्त बोटाने ठेका देत करून घ्या. पेपर हातात आला की कच्च्या कामाच्या जागेत आधी यादी उतरवून काढायची आणि मगच प्रश्न वाचायचे, अशी सवय लावा.

सिनेमाच्या चालीवर गाणं बसवलं तर कायद्याची अडचण येते का?

शाळेत शिक्षक-विद्यार्थ्यांनी, शाळेतल्याच मंडळींसमोर आणि पालकांसमोर म्हणायला 1957 च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. तेच गाणं यूट्यूबवर टाकलं की सवलत संपते आणि व्हिडिओ उतरवला जाऊ शकतो. संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, शिवाय ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. नेटवर टाकायचंच असेल तर पारंपरिक चाल घ्या आणि ती स्वतः म्हणून रेकॉर्ड करा. कुणाचा तयार ट्रॅक खाली लावू नका.